रोजचे ‘दोनच पेग’ आणि शुक्रवारी संपणारा खंबा

पत्र थोडक्यात असं: वय ४७, चाकणला एका कंपनीत परचेस सांभाळतात, घरी बायको आणि नववीतली मुलगी. आधी फक्त शनिवारी मित्रांसोबत बसायचे, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरून काम सुरू झालं आणि रोजची झाली. संध्याकाळी आठला ग्लास निघतो, ‘दोनच पेग’, मग साडेदहाला जेवण. रविवारी आणलेला खंबा शुक्रवारी संपतो, शनिवारी ग्रुपसोबत बाहेर. वर्षभरापूर्वी बीपीची गोळी सुरू झाली, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड वन आलंय, डॉक्टर म्हणाले कमी करा, बायको म्हणते बंदच करा. यांचं म्हणणं, मी काही दारुडा नाही, कधी तमाशा केला नाही, एक दिवस ऑफिस बुडवलं नाही, श्रावण कडक पाळतो, फक्त घेतल्याशिवाय झोप लागत नाही आणि घेऊनही पहाटे तीनला जाग येतेच. मुलीला अभ्यासातलं काही विचारायचं असेल तर ती आठच्या आत विचारून घेते. प्रश्न दोन: पूर्ण न सोडता कमी कशी करायची, आणि बायकोला कसं समजवायचं?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, पहिल्यांदा नुसतं आणि दुसऱ्यांदा मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढून, कारण तुम्ही एकाच पत्रात दोन वेगळे हिशोब दिलेत आणि ते तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. एकीकडे म्हणता दोनच पेग. दुसरीकडे म्हणता रविवारचा खंबा शुक्रवारी संपतो. खंबा ७५० मिलीचा, रविवार ते शुक्रवार सहा संध्याकाळी, म्हणजे रोजचे १२५ मिली, म्हणजे ३० चा स्मॉल धरला तर चार होऊन वर थोडी उरते. तुम्ही खोटं बोलताय असं मी अजिबात म्हणत नाही. दोनच असतील, पण दोन लार्ज, ६० चे, आणि दुसऱ्याच्या वेळी हात जरा सैल. डॉक्टरांनाही तुम्ही ‘दोन पेग घेतो’ एवढंच सांगितलं असणार, त्यांनी मनात दोन स्मॉल धरले असणार आणि कमी करा म्हणून पुढचा पेशंट बोलावला असणार. आता कमी म्हणजे किती वरून किती, हे ना त्यांना माहीत ना तुम्हाला.

म्हणून पहिला आठवडा काहीच कमी करू नका. खरंच सांगतोय, फक्त मोजा. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मापाचं प्लास्टिकचं झाकण येतं ना, १० मिलीची खूण असलेलं, ते धुवून घ्या. नेहमीच्या ग्लासात नेहमीसारखी अंदाजाने ओता आणि सोडा घालायच्या आधी त्या झाकणाने मोजून दुसऱ्या ग्लासात काढा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा माझा स्मॉल ४५ चा निघाला, मला वाटलं झाकणातच काहीतरी गडबड आहे म्हणून परत मोजला तर ४५ च. मग कळलं की बायकोच्या माहेरहून आलेले ते रुंद बुडाचे जाड ग्लास होते, त्यात ३० मिली एवढीशी दिसते की ओतणाऱ्याला आपण कंजूसपणा करतोय असं वाटतं. जो आकडा येईल तो लिहून ठेवा, कॅलेंडरवर, रोजच्या तारखेच्या चौकोनात. कोणाला दाखवायचा नाही.

आकड्याचा अर्थ कसा लावायचा तेही सांगतो. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या लेबलवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, त्या हिशोबाने ३० मिलीत साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ब्रिटनमध्ये २०१६ पासून आठवड्याला १४ युनिटच्या वर जाऊ नका असं सांगतात, त्यांचं युनिट ८ ग्रॅमचं, म्हणजे ११२ ग्रॅम, म्हणजे आपले ११ स्मॉल, अख्ख्या आठवड्यात. तुमच्या एका खंब्यातच २५ स्मॉल आहेत आणि शनिवार अजून मोजलेला नाही. आणि ते ११ सुद्धा ‘सेफ’ नव्हेत बरं का. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं की दारूचं कुठलंच प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. कमी घेतली की धोका कमी होतो इतकंच. (आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्याला जो परवाना लागतो तो ‘आरोग्य जपण्यासाठी’ म्हणून देतात, हा विनोद वेगळाच.)

कॅल्क्युलेटर हातात आहे तोवर अजून एक. हे वाचून कोणीतरी ठरवेल की हार्ड बंद, आता फक्त बियर. ६५० मिलीची स्ट्राँग, ८ टक्क्यांची, एक बाटली म्हणजे ४१ ग्रॅम, म्हणजे चार स्मॉल. तुम्ही आज जिथे आहात तिथेच, फक्त पोट जास्त.

आता दारुडा या शब्दाबद्दल. तुम्ही पत्रात तो तीनदा लिहिलाय, दरवेळी नाकारायला. आपल्या डोक्यात दारुड्याचं चित्र ठरलेलं असतं, शर्टाची बटणं उघडी, रस्त्याच्या कडेला पडलेला, घरी मारझोड, आणि आपण तसे नाही म्हणजे आपलं बरं चाललंय. मी तुम्हाला दारुडा म्हणत नाही, त्या शब्दाने काही कळतही नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेचीच ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, जगभर वापरतात, तिच्यात ८ किंवा जास्त मार्क पडले की धोक्याची पातळी धरतात. पहिला प्रश्न, किती वेळा पिता? आठवड्यातून चार किंवा जास्त वेळा असेल तर ४ मार्क. शेवटचा प्रश्न, नातेवाईक, मित्र किंवा डॉक्टर यांच्यापैकी कोणी काळजी व्यक्त केलीय का किंवा कमी करायला सांगितलंय का? गेल्या वर्षभरात असेल तर ४ मार्क. झाले ८, मधले आठ प्रश्न अजून विचारलेले पण नाहीत. तमाशा केला का, ऑफिस बुडवलं का, याची तिथे गरजच पडली नाही.

श्रावणाचा मुद्दा मात्र मला आवडला, कारण तो अर्धा बरोबर आहे. महिनाभर थांबता आणि हात थरथरत नाहीत, घाम सुटत नाही, ही चांगली बातमी आहे, शरीर अजून पूर्ण अडकलेलं नाही. पण श्रावणात कंट्रोल तुम्ही करता का हो? तिथे रोज संध्याकाळी आठला ‘आज घ्यावी का, किती घ्यावी’ हा प्रश्नच नसतो. घरात बाटली नसते. मित्र आग्रह करत नाहीत, उलट तेच पाळत असतात. नुसतं ‘श्रावण आहे’ म्हटलं की विषय संपतो. आणि सुरुवात गटारीला दुप्पट घेऊन, शेवट कधी, तर गणपती होईपर्यंत कसंबसं ओढून विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे तुम्हाला बंद ठेवता येते हे श्रावण सांगतो, पण मोजून घेता येते की नाही याबद्दल तो काहीच सांगत नाही, आणि तुमचा प्रश्न तर नेमका तोच आहे. त्यातून उचलायचं ते एवढंच, की निर्णय संध्याकाळी आठला घ्यायचा ठेवलाच नाही तर माणूस आरामात निभावतो. मी पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं यावरच आहे, कारण पहिला पेग पोटात गेला की दुसऱ्याबद्दलचा निर्णय घेणारा माणूस बदललेला असतो, सकाळी ब्रश करताना शपथ घेणारा तो नव्हेच.

त्याआधी एक मिनिट थांबा, हे तुमच्यासाठी कमी आणि हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी जास्त. ज्यांना सकाळी हात थरथरतात, घाम येतो, उलटीसारखं होतं आणि उतारा घेतल्यावर बरं वाटतं, किंवा एक दिवस नाही मिळाली तर असं होतं, त्यांनी माझं वाचून एकदम बंद करू नये, पटापट कमी पण करू नये. अशा माणसाला बंद केल्यावर पहिल्या एक-दोन दिवसात फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम होऊ शकतो, नसलेली माणसं दिसायला लागतात, आणि यात जीव जातो, ही अतिशयोक्ती नाही. आधी डॉक्टर, औषधं देऊन हे नीट होतं. आणि घरच्यांसाठी, जेवणात गुपचूप गोळी मिसळायचे उद्योग करू नका, दारू सोडवायला देतात ती डायसल्फिरमची गोळी पोटात असताना माणूस प्यायला तर बीपी धाडकन पडतं, छातीत धडधडतं, हार्टचा पेशंट असेल तर दगावू शकतो. त्याला न सांगता नाही म्हणजे नाही.

तुमच्याकडे येतो. सगळ्यात जास्त उपयोगाची गोष्ट सांगायला अगदीच बाळबोध आहे: आधी जेवा. आठला ग्लास निघतो तिथे आठला ताट. वरण, भात, भाजी, पोळी, नीट पोटभर, बायको-मुलीबरोबर. जेवणानंतर घ्यायची मुभा आहे, मी बंद केलेली नाही. तुम्ही लगेच म्हणाल की जेवल्यावर कोण पितं, चढतच नाही, मजा काय त्यात. बरोबर! तेच. आपल्याकडे अख्खं पिणं रिकाम्या पोटावर उभं आहे, आठ ते साडेदहा भूक मारत शेंगदाणे आणि फरसाण खायचं, त्या खारटाने परत तहान लागते, की परत घोट, आणि मग थंड झालेलं जेवण अर्धवट. ऑफिसातून आल्यावर जी ओढ वाटते ती निम्मी तर साधी भूक असते, चाकणहून दीड तास ट्रॅफिकमधून आलेला माणूस दुपारी एकचा जेवलेला असतो. बसमध्ये किंवा गाडीत बसतानाच एक केळं किंवा मूठभर चणे खाऊन बघा, घरी पोचल्यावर फरक कळेल. हे एक केलंत आणि बाकी काहीच नाही केलंत तरी खंबा शुक्रवारी संपणार नाही.

दुसरं दुकानात. खंबा आणणं बंद. तुम्ही परचेसवाले, तुम्हाला हे सांगताना मला जरा धाकधूक आहे कारण खंबा मिलीमागे स्वस्त पडतो आणि नाइंटी महाग पडते हे तुम्ही मला शिकवाल. पडू दे महाग. वरचे पैसे ही फी समजा. घरात बाटली असली की रोज आठला मनाशी भांडण, आणि नाइंटी आणली तर ती संपली की संपली, परत चपला घालून, लिफ्टने खाली उतरून, वाईन शॉपपर्यंत जायचं तर माणूस दहातल्या आठ वेळा कंटाळतो. आळस आपल्या बाजूने वापरायचा. नाइंटी म्हणजे तीन स्मॉल हे विसरू नका, आजच्या १२५ पेक्षा कमी आहे पण शेवटचा मुक्काम तो नव्हे. आणि आठवड्यातले चार दिवस कोरडे, कुठले ते रविवारी सकाळी ठरवून कॅलेंडरवर फुली मारून. समजा सोमवार ते गुरुवार. राहिले शुक्रवार, शनिवार, रविवार, शुक्र-रवि दोन-दोन स्मॉल मोजून आणि शनिवारी तीन, झाले सात. २५ अधिक शनिवार, तिथून सातवर. डॉक्टरांना आता आकडा सांगता येईल.

एक अनुभव सांगतो, आपल्याकडे ड्राय डेच्या आदल्या दिवशी काय होतं ते बघा. २ ऑक्टोबर असो की अनंत चतुर्दशी, आदल्या संध्याकाळी दुकानासमोर लाईन असते, मी त्या लाईनीत किती वेळा उभा राहिलोय. एक दिवस मिळणार नाही म्हणून साठा करणारा माणूस एकीकडे म्हणत असतो की मला वाटलं तर मी कधीही सोडीन.

झोपेचं. घेतली की झोप लागते हे खरं, पण ती झोपेच्या पहिल्या भागापुरती. शरीर तासाला साधारण एका स्मॉलच्या हिशोबाने दारू बाहेर काढतं, तुमचं साडेदहाला संपलं तर मध्यरात्र उलटल्यावर ती उतरते आणि मग मेंदू उलट जास्त जागा होतो, झोप तुटक होते, त्यात लघवीला उठणं, तोंड कोरडं. तुमची तीनची जाग टेन्शनमुळे नाही हो, निदान नुसती टेन्शनमुळे नाही, ती आठच्या ग्लासाची जाग आहे. कोरड्या दिवसांत पहिले आठ-दहा दिवस झोप आणखी खराब लागेल, हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे चौथ्या दिवशी ‘बघा, मला घ्यावीच लागते’ असं म्हणणार नाही. त्या रात्री पुस्तक वाचा, रेडिओ लावा, कपाट आवरा, काहीही. झोपेची गोळी मनाने घेऊ नका आणि दारूबरोबर तर नाहीच नाही.

शनिवारच्या कमिटीचं काय करायचं? पहिला महिना सरळ खोटं बोला. ‘अँटिबायोटिक चालू आहे’ हे वाक्य महाराष्ट्रात कुठल्याही टेबलावर चालतं, कोणी प्रिस्क्रिप्शन मागत नाही. ‘डॉक्टरने कमी करायला सांगितलंय’ म्हटलंत तर चार जण डॉक्टर होतात, एकाचे आजोबा नव्वदीपर्यंत रोज घेत होते आणि काही झालं नाही वगैरे सुरू होतं. उशिरा जा, जेवण मागवायच्या वेळी, आणि लाइम सोडा हातात ठेवा, हात रिकामा दिसला की लोक भरतात. एखादा मित्र असा असेल की ज्याला तुमच्या न पिण्याचा फारच त्रास होतो, तर तो त्याचा प्रश्न आहे, तुम्ही आरसा धरलाय त्याच्यापुढे. परत जाताना गाडी चालवणार असाल तर दोन स्मॉल पण नकोत.

आणि बायकोला कसं समजवायचं, तर समजवू नकाच. तुम्हाला तिला काय पटवायचंय नेमकं? की दोनच घेतो? कचऱ्याच्या डब्यात दर शुक्रवारी बाटली तिला दिसते, भागाकार तिने कधीच केलाय. तिला आठवड्याचे कोरडे दिवस सांगा आणि तेवढंच. बाटली लपवायची, ग्लास मोजायचा, वास घ्यायचा ही ड्युटी तिला देऊ नका, तिने स्वतःहून घेतली तरी हात जोडून काढून घ्या, नाहीतर तुमचं आणि दारूचं भांडण हे तुमचं आणि तिचं भांडण होऊन बसतं आणि मग रागाने प्यायला कारण मिळतं.

आता माझंच सांगतो म्हणजे हा माणूस नुसता उपदेश करतोय असं नको. मी कमी करायचा प्रयत्न पावणेदोन वर्षं केला. फक्त वीकेंडला असा नियम होता, मग माझा शुक्रवार गुरुवारी सुरू व्हायला लागला, पाहुणे आले की सूट, मॅच असली की सूट, आणि त्या वर्षी मॅचेस फार होत्या. शेवटी पूर्ण सोडली आणि खरं सांगू का, ते सोपं गेलं, कारण रोजची घासाघीस संपली. माझ्याबरोबरच सुरुवात केलेला माझा मामेभाऊ आजही महिन्यातून दोनदा दोन स्मॉल घेतो आणि तिसरा ओतत नाही, त्याला ते कसं जमतं मला कळत नाही. दोन्ही प्रकारची माणसं असतात, आपण कुठले हे करून बघितल्याशिवाय समजत नाही. म्हणून तुम्ही आठ आठवड्यांची मुदत घाला. आकडे कॅलेंडरवर असतीलच. आठपैकी सहा आठवडे सातच्या आत राहिलात तर छान, पुढे चालू ठेवा, तीन महिन्यांनी लिव्हरची टेस्ट परत करा. नाही जमलं, चौकोनात दर आठवड्याला काहीतरी कारण लिहिलेलं सापडलं, तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, उत्तर मिळालं एवढंच, थोडी घेणं तुम्हाला जमत नाही, मग बंद करणं बघा. त्यासाठी मदत आहे, मानसोपचारतज्ज्ञ ओढ कमी करणाऱ्या गोळ्या देऊ शकतात, पुण्यात तर १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्याच संघटनेच्या मराठीतून चालणाऱ्या मीटिंग्ज गावोगावी आहेत, तिथे पैसे लागत नाहीत. नुसतं फोनवर बोलायचं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आणि १४४१६ टेली मानस ही मानसिक आरोग्याची, दोन्ही फुकट.

राहता राहिले आठ ते साडेदहा. कोरड्या दिवशी हे अडीच तास अंगावर येतात, काय करायचं तेच कळत नाही, टीव्ही तर ग्लासाची आठवण करून देणाराच. तुमच्या पत्रातलं मुलीचं ते वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, बहुतेक ती किती शिस्तीची आहे हे सांगायला. तर पुढच्या मंगळवारी, फुलीच्या दिवशी, जेवणं झाल्यावर नऊ-सव्वानऊला तिच्या टेबलापाशी जाऊन विचारा की काही अडलंय का. ती बहुतेक ‘नाही बाबा’ म्हणेल. परत गुरुवारी विचारा.